पोपटाचा उष्टा पेरू

एका गावात माणसांपेक्षा पोपट जास्त बोलत असत. माणसंही काही कमी नव्हती म्हणा, पण पंचक्रोशीत नाव होतं ते पोपटांचं. गावाभोवती पेरूच्या बागा आणि घराघराच्या ओसरीत एकेक पिंजरा. पाहुणा आला की घरच्या माणसाआधी पोपटच म्हणे, "या, बसा, पाणी घ्या." कुणाचा पोपट आरती म्हणे. कुणाचा पोपट शेजारणीला नावं ठेवी आणि त्यावरून दोन्ही घरांची भांडणं होत.

पोपट बोलका कसा करायचा, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाखरू जागं झालं की त्याच्यासमोर बसायचं. हातात दुसरं काम घ्यायचं नाही. त्याच्या डोळ्यांत बघून एक शब्द सावकाश म्हणायचा आणि थांबायचं. पाखरानं नुसतं टर्र केलं, तरी कौतुकानं त्याला उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं नाही की पाखरू हिरमुसतं, आणि एकदा हिरमुसलं की चोच उघडत नाही.

याच गावात आणखी एक समजूत होती. एखादं मूल वेळेवर बोललं नाही, तर त्याला बोलक्या पोपटाचा उष्टा पेरू चारायचा. पोपटाची वाचा पेरूत उतरते आणि पेरूतून मुलाच्या जिभेवर येते म्हणे. खरं-खोटं देव जाणे. तशी वेळ कुणावर फारशी येत नसे, कारण ज्या घरात पाखराशीसुद्धा गप्पा चालत, त्या घरातलं मूल गप्प राहीलच कशाला?

एके दिवशी गावात एक फिरता व्यापारी आला. त्याच्या गोणीत मुठीएवढे शंख होते. शंख कानाला लावला की मुलुखभरच्या गोष्टी ऐकू येत. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुठल्या लग्नात जिलबी कमी पडली, कुठल्या पाटलानं कुणाला काय सुनावलं. एक गोष्ट संपली की शंखावर अंगठा घासायचा, लगेच दुसरी सुरू. संपणं म्हणून नाहीच. व्यापारी एका शंखाला टोपलीभर पेरू मागायचा, आणि टोपल्या घेऊन लोक धावत आले.

थोड्याच दिवसांत गावाला त्या शंखाचं वेड लागलं. विहिरीवर बाया यायच्या, एका हातात कळशी, दुसऱ्या हातात शंख. पारावर म्हातारे बसायचे, सगळ्यांच्या माना वाकड्या. म्हाताऱ्यांनी तर शंख सर्वांत आधी घेतले होते. स्वतःच्या चुलीवर भाजी करपली तरी कळत नसे, पण डोंगरापलीकडच्या सावकाराच्या घरी आज काय शिजलंय, ते बायांना तोंडपाठ. डोळे उघडे असायचे सगळ्यांचे, बघत कुणीच नसे.

ओसरीतले पोपट आधी ओरडले, मग कुरकुरले, मग एकेक करून गप्प झाले. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या गावात सुगंधा नावाची एक बाई होती. तिचा बाप गावातला सर्वांत नावाजलेला पोपट शिकवणारा. त्यानं शिकवलेला पोपट राजवाड्यात गेला होता असं सांगत. बाप आता राहिला नव्हता, पण त्याची विद्या सुगंधाच्या अंगात मुरली होती. तिचा नवरा पेरूच्या बागेत राबायचा. दोघांकडेही एकेक शंख होता. शंख येऊन वर्ष झालं नसेल, तोच त्यांना मुलगी झाली. बारशाला पाळण्यात वाकून आत्यानं तिच्या कानात नाव सांगितलं, सोनकी. त्यानंतर ते नाव त्या घरात कुणी फारसं घेतलं नाही. तिला हाक मारायची वेळ आलीच, तर "ए" म्हटलं की भागायचं.

आता हे पोर काही जन्मापासून गप्प नव्हतं बरं का. पाळण्यात पडल्या पडल्या ते आ-ऊ करायचं, हुंकार द्यायचं आणि आईकडे बघून वाट बघायचं. सुगंधा एका हातानं पाळण्याची दोरी ओढायची, दुसऱ्या हातात शंख. रांगायला लागल्यावर सोनकी काय काय उचलून आणायची. कधी खडा, कधी पोपटाचं पीस, कधी मेलेला किडा. ते सगळं आईच्या मांडीवर ठेवायची आणि "अं?" म्हणून तोंडाकडे बघायची. सुगंधा न बघता "हं" म्हणायची आणि मांडी झटकायची. सोनकी पुन्हा आणायची, सुगंधा पुन्हा झटकायची.

मग सोनकीनं आणणं बंद केलं. ती कोपऱ्यात बसायला लागली.

आणि सुगंधाला त्याचा आनंद झाला, काय सांगावं. शेजारच्या भागामावशीला ती म्हणायची, "माझी पोर इतकी गुणी आहे ना मावशी, काही त्रास म्हणून नाही. कुठं बसवली की तिथंच बसते." गुणी म्हणे. अहो, दहा वेळा दार वाजवून कुणी उघडलं नाही, तर भिकारीसुद्धा पुढच्या घरी जातो. या पोरीला जायला पुढचं घर नव्हतं, म्हणून ती बसून राहिली होती. त्याला गुण म्हणायचं?

गावात एक रीत होती. मुलाला तिसरं वर्ष लागलं की जत्रेच्या दिवशी त्याला देवीच्या पायरीवर उभं करायचं. गुरव विचारायचा, "तुझं नाव काय?" मुलानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं की देवीपुढचा पेरू त्याच्या हातात पडायचा. सोनकीला तिसरं लागलं, जत्रा दोन-तीन महिन्यांवर आली, तेव्हा कुठं सुगंधाच्या लक्षात आलं की आपल्या पोरीच्या तोंडून आजवर एक शब्द आलेला नाही.

मग मात्र धावपळ सुरू झाली. भागामावशी म्हणाली, दृष्ट लागली असेल. दृष्ट काढली. कुणी म्हणालं, जीभ जड आहे. मग रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून पोरीच्या जिभेवर चोळायला सुरुवात झाली. सोनकीची जीभ सोलून निघाली. नवऱ्यानं पोरीला वैद्याकडे नेलं. वैद्याच्या कानाला शंख होताच. त्यानं पोरीच्या तोंडाकडे नजर टाकली न टाकली आणि म्हणाला, "वेखंड वाढवा." नवराही आपला शंख कानाला लावूनच परत आला. औषध पोरीच्या जिभेवर आणि दुखणं आईबापांच्या कानात. पण हे त्यांना सांगणार कोण? सांगणाऱ्याचेही कान भरलेले होते.

शेवटी उष्ट्या पेरूची आठवण झाली. सुगंधा घरोघर फिरली. बोलका पोपट कुणाकडेच नव्हता. ज्या पिंजऱ्यांतून आरत्या ऐकू येत, त्यांत पोपट पिसं फुलवून मुकाट बसले होते.

"काहीतरी साथ आलेली दिसते पाखरांवर," भागामावशी म्हणाली.

"पोरांवरही आलीय वाटतं," पलीकडची एक बाई बोलली. तिचा मुलगाही अजून गप्पच होता. दोघींनी उसासा टाकला आणि अंगठे घासले.

सुगंधा घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, रानातून एक पिल्लू आणा. मी शिकवते त्याला. पोपट बोलायला लागला की त्याचा उष्टा पेरू हिला देऊ. जत्रेपर्यंत होईल."

"होईल का तेवढ्यात?"

"माझ्या बापानं महिन्याभरात बोलते केलेत. फक्त पाखरासमोर बसताना शंख ठेवून द्यावा लागतो. लक्ष दुसरीकडे असलं की त्यांना बरोबर कळतं."

बघा, हे त्या बाईला ठाऊक होतं. तिच्या तोंडचंच वाक्य आहे हे. तिनं तो शंख फडक्यात गुंडाळला आणि धान्याच्या कणगीत खोल पुरून ठेवला. नवऱ्यानं आपला माळ्यावर टाकला. अडीच वर्षं पोटची पोर समोर बसली होती, तिच्यासाठी जो कानापासून सुटला नाही, तो शंख पाखरासाठी सुटला. संताप येतो की नाही?

पोपटाचं पिल्लू आलं. सुगंधा रोज पहाट झाली की पिंजऱ्यासमोर बसे. आवाज कसा, तर मधासारखा. जत्रेत पोरीला स्वतःचं नाव सांगायचं होतं, म्हणून तिनं पाखराला तोच शब्द शिकवायला घेतला. "सोनकी. म्हण राजा, सोनकी. माझी सोनकी ती." मग थांबायची. पाखरू टर्र करायचं. "अगंबाई, किती छान. पुन्हा म्हण. सोनकी." हिरवी मिरची दोन बोटांत धरून त्याला भरवायची. मानेवरून बोट फिरवायची. नवरा बागेतून आला की तोही पाय धुऊन पिंजऱ्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "कशी आहे आमची सोनकी? जेवली का सोनकी?"

आणि खरी सोनकी? ती पहिल्या दिवशी सरकत सरकत पिंजऱ्यापाशी आली होती. आईचं तोंड हलतंय, आईचे डोळे हसतायत, हे तिनं कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सरक गं बाजूला," सुगंधा म्हणाली. "तुला बघून बुजतो तो."

सोनकी बाजूला सरकली. खांबाला टेकून बसली आणि बघत राहिली. रोज बघत राहिली.

जत्रेला थोडे दिवस उरले असताना पोपटानं मान तिरकी केली आणि स्वच्छ म्हणाला, "सोनकी." सुगंधाचा आनंद पोटात मावेना. तिनं शेजारीपाजारी गूळ वाटला. नवऱ्यानं बागेतला सर्वांत गोड पेरू आणला. पोपटानं त्याला चोच मारली, आणि तो उष्टा पेरू सगळ्यांसमोर सोनकीच्या तोंडात घातला.

"म्हण आता," सुगंधा म्हणाली. "सोनकी. म्हण."

सोनकीनं पेरू चावला, गिळला आणि गप्प राहिली.

"अगं म्हण ना. त्या मेल्या पाखराला येतं, तुला येत नाही?"

बाया एकमेकींकडे बघत निघून गेल्या. सुगंधाचा पारा चढला. तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "एवढे दिवस तुझ्यासाठी झिजले मी. मुकी ती मुकीच राहणार तू." असं म्हणून ती तरातरा आत गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घालून शंख बाहेर काढला आणि चुलीपाशी बसून कानाला लावला. बरेच दिवस ऐकलं नव्हतं. गोष्टींमागून गोष्टी येत होत्या. मनातला राग हळूहळू निवायला लागला.

मध्येच पिंजरा खडखडला. मांजर आलं असेल म्हणून ती शंख कानालाच धरून ओसरीत आली.

मांजर नव्हतं. सोनकी होती. तिनं पिंजऱ्याचं दार वर सरकवलं होतं आणि डोकं, एक हात आणि एक खांदा आत घातला होता. बाकीचं अंग आत मावत नव्हतं, तरी ती रेटत होती. तारांनी खांदा खरचटला होता. पोपट वरच्या दांडीवर अंग चोरून बसला होता. आणि सोनकीच्या तोंडात त्याच्या वाटीतली हिरवी मिरची होती. पोर ती चावत होती. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, ओठ लालभडक झाले होते, पण तोंडातून आवाज नव्हता. रडून कुणी येत नाही, हे ती केव्हाच शिकली होती. मिरची चावत ती आईच्या तोंडाकडे बघत होती, आता आई मधासारख्या आवाजात काही बोलेल म्हणून.

सुगंधाच्या हातून शंख खाली पडला. "सोनकी," ती घाबरून म्हणाली.

हाक ऐकून सोनकीनं मान वळवली. आईवरची नजर काढली. तिनं वर दांडीवरच्या पोपटाकडे पाहिलं आणि बोटानं तो आईला दाखवला. हा बघ, हा इथं आहे.

सुगंधाला उमगलं. तिच्या पोरीला स्वतःचं नावच ठाऊक नव्हतं. या घरात सोनकी कोण, तर जिच्याशी आईबाप बोलतात ती. आणि तो पोपट होता.

तिनं पोरीला पिंजऱ्यातून सोडवलं, तोंडात गूळ घातला आणि छातीशी धरून हमसून हमसून रडली. सोनकी तिच्या तोंडाकडे नवलानं बघत होती. मग तिनं आईच्या ओल्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "अं?"

या वेळी सुगंधानं मांडी झटकली नाही. "मिरची लागली ना गं माझ्या बाळाला?" ती म्हणाली. आणि थांबली. पोरीनं पुन्हा "अं" केलं. सुगंधानं पुन्हा उत्तर दिलं. मग तिचा हात धरून तिच्याच छातीवर ठेवला. "तू सोनकी. तो पोपट. तू सोनकी."

नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा मायलेकी तिथंच बसलेल्या होत्या. त्यानं सगळं ऐकलं. माळ्यावरचा शंख काढला, खाली पडलेला उचलला आणि दोन्ही नेऊन बागेच्या कडेच्या पडक्या विहिरीत टाकून आला.

त्या वर्षी सोनकी जत्रेत बोलली नाही. गुरवानं नाव विचारलं, सगळं गाव बघत होतं, आणि सुगंधा म्हणाली, "तिला अजून येत नाही. मी शिकवलंच नव्हतं." लोक हसले. हसू देत. पाखराचं काम महिना-दोन महिन्यांत झालं होतं, पोरीच्या कामाला वर्ष लागलं. जे दिवस शंखात गेले, ते काही कुणी परत आणून दिले नाहीत. कितीतरी शब्द सोनकीला धापा टाकत गाठावे लागले. पण पुढच्या जत्रेत ती पायरीवर उभी राहिली आणि गुरवानं विचारायच्या आतच म्हणाली, "मी सोनकी. तुमचं नाव काय?" तिच्या वयाची बाकीची पोरं तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

आणि गाव काय म्हणालं असेल? गाव म्हणालं, पोपटाचा पेरू लागू पडला. उशिरा पडला, पण पडला.

दुसऱ्या दिवशी सुगंधाच्या दारात ही रांग. प्रत्येकीच्या कडेवर एक मुकं पोर आणि कानाला शंख. सर्वांत पुढे भागामावशी, नातवाला घेऊन. "एक उष्टा पेरू दे गं बाई," ती म्हणाली. "अर्धा दिलास तरी चालेल."

"मावशी, पोपटाचा काही गुण नाही त्यात. शंख ठेवून द्या आणि पोरांशी बोला, एवढंच केलं मी."

"हं," भागामावशी म्हणाली आणि अंगठा घासला. कडेवरचा नातू कधीचा तिच्या कानातली कुडी ओढत होता. "मग पेरू कधी देतेस?"

सुगंधानं रांगेकडे पाहिलं. तिचं बोलणं एकीच्याही कानात शिरलं नव्हतं. ती वळली, पिंजऱ्यापाशी गेली आणि दार उघडून बाजूला झाली. पोपट क्षणभर दारात बसला. मग भुर्रकन पेरूच्या बागेवरून उडून गेला.

तेव्हा मात्र सगळ्यांचे शंख खाली आले. "कैदाशिणी," भागामावशी किंचाळली, "आमच्या पोरांचं औषध उडवलंस."

"औषध नव्हतंच ते," सुगंधा म्हणाली. "पोरांना जीभ दिलीय देवानं, तुम्हालाही दिलीय. मध्ये आलाय तो शंख. तुमच्या कडेवरचं लेकरू तुम्हाला वर्षानुवर्षं हाका मारतंय आणि तुम्ही त्याच्या जिभेवर वेखंड चोळता? लाज नाही वाटत? मला वाटायला हवी होती, मलाही वाटली नाही. म्हणून सांगतेय."

बाया तिला शिव्या देत निघाल्या. पलीकडच्या गावात एक बोलका पोपट आहे अशी बातमी नुकतीच कुणाच्या तरी शंखात आली होती. सगळ्या तिकडेच वळल्या. ओसरीत सोनकी आईला विचारत होती, पोपट कुठं गेला, का गेला, तो तिकडं काय खाईल. सुगंधा एकेका प्रश्नाला उत्तर देत होती. रस्त्यानं जाणाऱ्या बायांच्या कडेवरची पोरं मात्र मान मागं वळवून, वळण येईपर्यंत त्या दोघींकडे बघत होती.

तात्पर्य काय, तर मूल बोलत नाही म्हणून त्याची जीभ तपासण्याआधी आईबापांनी आपले कान तपासावेत. आणि ज्यांना एवढंही जमत नसेल, त्यांनी पोपटसुद्धा पाळू नये.